वास सुटला की बंद करा

सोनपेठच्या बाजारगल्लीत बसप्पा शेट्यांचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या मागं घर. पण गल्लीत कुणाला पत्ता विचारला तर दुकानाचं नाव कुणी घेत नसे. "येसरवाल्या शिवम्माचं घर ना, ते काय तिथं," असंच सांगत.

लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा येसर, म्हणजे आमटीत घालायचं मसाल्याचं पीठ, सासू करायची. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मसाल्याचे जिन्नस, सगळं एकेक करून भाजायचं आणि मग एकत्र दळायचं. दळायला काय, गिरणीतलं यंत्रही दळतं. करामत सगळी भाजण्यात. मंद जाळावर परतत बसायचं आणि खमंग वास सुटला की त्याच घडीला कढई खाली. जरा आधी उतरवलं तर कच्चट लागतं, जरा उशीर झाला तर आमटी कडू. सासूला ते जमायचं, पण सून आल्यावर सासूनंच हात झटकले. "हिचं नाक माझ्या वरचं हाय," म्हणाली आणि कढईपाशी परत बसलीच नाही.

शिवम्माच्या नाकाच्या गोष्टी गल्लीत सगळ्यांना पाठ होत्या. दिवाळीच्या आधी बाया रवा, मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात घालून बेकरीवर न्यायच्या आणि भट्टीवाल्याकडून बिस्किटं भाजून घ्यायच्या. तिथं नंबर लागायचा. शिवम्मा बाहेर ओट्यावर गप्पा मारत बसलेली असायची आणि बोलता बोलता मान वळवून म्हणायची, "मागचा पत्रा काढ बाबा, कडा धरायल्यात." भट्टीवाला पत्रा ओढायचा तर खरंच कडा लाल झालेल्या. एकदा शेजारच्या कडूबाईच्या घरात गॅसची नळी चिरली होती ती हिनं आपल्या मोरीत भांडी घासताना ओळखली. कुणाच्या घरी आज काय शिजतंय, कुणाचं लोणचं बिघडायच्या बेतात आहे, हे तिला न विचारता कळायचं. त्यामुळं काही बाया तिला थोड्या घाबरूनही असत.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. गल्लीत सगळ्यांनाच आला होता. सर्दी झाली, नाक चोंदलं, दोन आठवड्यांत मोकळं झालं. ती उठून कामाला लागली. तापानंतर तोंडाला चव नसते, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. जेवण सपक लागत होतं, म्हणून ती चिमूटभर मीठ जास्त टाकायला लागली, लसणाच्या दोन पाकळ्या वाढवायला लागली. नवरा घाऊक बाजारातून जिन्नस आणायचा त्यावर तिनं एकदा नाक मुरडलं. "यंदाच्या मालात दमच न्हाई," म्हणाली. बसप्पा काही बोलला नाही. तो तसाही कमी बोलणारा.

त्याच सुमारास बसप्पाच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चहाबरोबरची खारी आणि बिस्किटं बंद केली. चाळीस वर्षं दुकानात बसून सकाळ-दुपार चहात बिस्किट बुडवणारा माणूस, आता रिकामा कप हातात घेऊन रस्त्याकडं बघत बसायचा. सुनेला ते बघवेना. सून म्हणजे वैजयंती. मुलाशी, शिवप्रकाशशी, लग्न होऊन तिला दुसरं वर्ष होतं. गावातल्याच एका शाळेत ती लहान वर्गांना शिकवायची. माहेरून येताना तिनं एक छोटा ओव्हन आणला होता, तो इतके दिवस माळ्यावरच होता. एका रविवारी तिनं तो खाली काढला, पुसला आणि दुकानातल्या फळीवरून ओट्सचं पाकीट घेऊन आली.

शिवम्मानं पाकिटात हात घालून बघितलं. "हे कोंड्यावानी दिसायलंय की. माणसानं खायचं का जनावरानं?"

"आत्या, ह्याची बिस्किटं लय चांगली होतात. मैदा न्हाई, अंडं न्हाई. गूळही थोडाच. मामांना चहाबरोबर एक-दोन चालतील."

अंडं नाही म्हटल्यावर शिवम्माची हरकत संपली. तिनं मांडी घालून सगळं बघून घेतलं. वैजयंतीनं ओट्स कोरडेच थोडे परतले, निम्मे मिक्सरमधून फिरवले. त्यात गव्हाचं पीठ, किसलेला गूळ, घरचं लोणी, दालचिनीची पूड, चिमूटभर सोडा आणि मीठ. दुधाचा हात लावून गोळा मळला, त्याचे लाडवाएवढे गोळे करून तळहातावर चपटे केले आणि ट्रेमध्ये मांडले. ट्रे आत सरकवला तोच शाळेतून फोन आला. परीक्षेसाठी वर्ग लावायचे होते, मास्तर-बाईंना लगेच बोलावलं होतं.

वैजयंतीनं साडीला पिन लावता लावता सांगितलं, "आत्या, व्हिडिओत वीस मिनिटं म्हणलेत, पण आपला ओव्हन कधी जास्त तापतो, कधी कमी. तुमी घड्याळ बघूच नका. वास सुटला की बटण बंद करा." आणि चपला घालताना हसून म्हणाली, "तुमच्या नाकापुढं घड्याळ काय करणार."

शिवम्मा भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसली. ओव्हन पाठीशी ओट्यावर होता. शेंगा फोडायला मागं-पुढं बघावं लागत नाही आणि वासालाही बघावं लागत नाही. ती निवांत होती. वाटीभर दाणे झाले. वास आला नाही. तिला वाटलं, परदेशातलं धान्य, वेळ लावणारच. अजून थोडे दाणे झाले. डोळे जरा चुरचुरले, तिनं पदरानं पुसले. घशात खवखवलं, ती पाणी प्यायली आणि परत बसली. पोरगीनं आच लय मंद ठेवली, असं तिच्या मनात आलं.

मागच्या दारातून कडूबाई पदर नाकाला लावून आत आली. "काय जळायलंय गं?"

"कुठं?" शिवम्मानं विचारलं.

कडूबाई दारातच थबकली. तिनं एकदा शिवम्माकडं बघितलं, एकदा ओट्याकडं. मग शिवम्मानंही मान वळवली. ओव्हनच्या वरून काळपट धूर निघून छताशी साचला होता. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तो सावकाश फिरत होता. इतका धूर की पलीकडच्या फळीवरचे डबे अंधुक दिसत होते. आणि ती त्या धुरात बसून शेंगा फोडत होती.

कडूबाईनंच जाऊन बटण बंद केलं, खिडकी पूर्ण उघडली, खोकत खोकत ट्रे बाहेर ओढला. बिस्किटांचा कोळसा झाला होता. "डोळा लागला वाटतं बसल्या बसल्या," ती म्हणाली.

"हो," शिवम्मा म्हणाली. "डोळा लागला."

आयुष्यात पहिल्यांदा ती कडूबाईशी खोटं बोलली, आणि का बोलली हे तिचं तिलाही कळलं नाही.

कडूबाई गेल्यावर तिनं दार लोटलं. ट्रेमधलं एक काळं बिस्किट उचललं. ते अजून गरम होतं, बोटांना चटका बसला. तिनं ते नाकाशी धरलं. काहीच नाही. तिनं ते मोडलं, नाकाच्या अगदी आत जाईल इतकं जवळ नेलं, जोरात श्वास घेतला. फक्त गरम हवा आत गेली.

ती उठली आणि फळीवरची हिंगाची डबी काढली. झाकण उघडलं. ह्या डबीचं झाकण सैल राहिलं तर तिला शेजारच्या खोलीत झोप लागत नसे. डबीत आता नुसती पिवळी पूड होती. तिनं लसूण ठेचून बघितला. कापूर बघितला. रॉकेलची जुनी बाटली मोरीतून आणून तिचं बूच काढलं. देवघरातली विभूती बघितली. खुंटीवरचा बसप्पाचा सदरा काढून त्यात तोंड खुपसलं. इतक्या वर्षांचा ओळखीचा सदरा, त्यात तंबाखूचा, तेलाचा, दुकानातल्या गुळाच्या ढेपांचा वास असायचा. आता नुसतं कापड होतं.

ती डब्यांच्या फळीखाली जमिनीवर बसली. बाहेर दुकानात कुणीतरी साबण मागत होतं. रस्त्यावरून टमटम गेली. सगळं ऐकू येत होतं, सगळं दिसत होतं. पण घर तिला आपलं वाटेना.

बसल्या बसल्या तिला दुसरी भीती शिवली. हे आजच झालं का? काल तिनं आमटीला फोडणी दिली तेव्हा हिंगाचा वास आला होता. आला होता ना? तिनं डोळे मिटून आठवून बघितलं. तेलात हिंग पडताना दिसला होता, चर्र आवाज ऐकला होता, आणि मग वास आलाच असेल असं धरून ती पुढच्या कामाला लागली होती. परवा, तेरवा, मागच्या महिन्यात, जिथं जिथं म्हणून वास आठवायला गेली, तिथं आवाज आणि रंग सापडले, वास सापडला नाही. तापातून उठल्यापासून तिनं येसराचे चार घाणे भाजले होते. ते तिनं कशाच्या भरवशावर उतरवले होते?

वैजयंती परत आली तेव्हा ट्रे घासून पालथा घातलेला होता. "डोळा लागला गं," शिवम्मा म्हणाली. सुनेनं एकवार तिच्या तोंडाकडं बघितलं. "जाऊ द्या आत्या, परत करू," म्हणाली आणि विषय संपवला.

पुढचे काही दिवस शिवम्मानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. सगळ्यांची पाठ वळली की डब्या उघडायच्या आणि हुंगायच्या. येसर मागायला बाया आल्या की, "हात भरून आलाय, पुढच्या आठवड्यात या," म्हणायचं. मनात एकच आस होती, की गेलं तसं एका सकाळी आपसूक परत येईल.

बाजाराच्या दिवशी धुरपताबाई आली. गोदाकाठच्या एका वाडीवरून ती भाजी विकायला यायची आणि तिच्या घरी पंधरा वर्षं शिवम्माचाच येसर जायचा. ती अंगणात टेकली, पाणी प्यायली, सुना-नातवंडांचं बोलली, पण येसराचं काही काढेना. शिवम्मानंच विचारलं, "येसर संपला नसंल अजून?"

"हाय थोडा," धुरपताबाई म्हणाली आणि पाटीतल्या जुड्या सारख्या करायला लागली.

"धुरपता, मागच्या खेपेचा कसा होता?"

"होता की."

"खरं सांग."

धुरपताबाईनं जुड्या सोडल्या. "खरं सांगू का बाई? जळका होता. आदल्या खेपेचाबी. पोरांनी ताटं सारली. मी शेटला बोलले होते दुकानात. त्यांनी तुमाला सांगितलं न्हाई का?"

शिवम्मानं विचारलं, "अजून कोण बोललं शेटला?"

"मला काय ठावं. पण बाया बोलायल्यात," धुरपताबाई म्हणाली आणि तिला वाईट वाटलं असावं, कारण जाताना तिनं मेथीची एक जुडी न मागता उंबऱ्यावर ठेवली.

दुपारी बसप्पा जेवायला आत आला. शिवम्मानं ताट वाढलं आणि समोर बसली. त्यानं आमटीचा भुरका मारला, त्याच्या कपाळावर बारीकशी आठी आली आणि लगेच गेली. तिनं ती पहिल्यांदाच नीट बघितली. किती दिवस ही आठी येऊन जात असेल, तिला अंदाज लागेना.

"मीठ जास्त हाय का?" तिनं विचारलं.

"न्हाई. बरं हाय."

"धुरपता आली होती."

बसप्पाचा घास हातातच राहिला.

"माझा येसर जळका निघायलाय, बाया तुमाला सांगायल्यात, आन् तुमी मला एका शब्दानं बोलला न्हाईत. का?"

त्यानं घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "कसं बोलावं ते कळंना. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, शिवम्मा. आधी मीठ दोनदा पडायचं. मग दूध उतू जायचं, तिला कळायचं न्हाई. मग माणसं वळखू येईनात. शेवटी शेवटी तुलाबी वळखलं न्हाई तिनं." त्याचा आवाज दबला. "त्या दिवशी कडूबाई दुकानात सांगायली की घरभर धूर झाला आन् तू त्यात बसली होतीस. मी प्रकाशला सांगितलं, आता आईला एकटं ठेवायचं न्हाई. दोघं विचार करायलो होतो, तुला कुण्या डॉक्टरकडं कसं न्यावं, काय सांगून न्यावं."

शिवम्माच्या डोळ्यांसमोर ते सगळे दिवस आले. आपण ह्या घरात शेंगा फोडत होतो, भाकरी थापत होतो, आणि आपलीच दोन माणसं आपल्याला वेड लागायच्या वाटेवर धरून बसली होती. तिच्या समोर जेवत होती, हसत होती.

"मला विसर पडत न्हाई," ती सावकाश म्हणाली. "मला वास येत न्हाई. ताप आला तव्हापासून. हिंग येत न्हाई, जळकं येत न्हाई, कायबी येत न्हाई."

बसप्पानं तिच्याकडं बघितलं. बघता बघता त्याचं तोंड सैल पडलं, डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं उष्ट्या हातानंच कपाळाला हात लावला. "एवढंच ना," तो म्हणाला. "देवा. एवढंच ना."

"एवढंच?"

तिनं ते इतक्या हळू विचारलं की त्याला आधी ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं. तोवर ती ताट उचलून मोरीकडं निघाली होती.

वैजयंती सकाळची शाळा आटोपून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती शिवम्माच्या मागोमाग मोरीत गेली, तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाली, "त्या दिवशी डोळा लागला नव्हता तर."

"न्हाई."

"आणि मी सांगून गेले की वास सुटला की बंद करा." तिनं ताट खाली ठेवलं. "उद्या परभणीला जायचं. मी रजा टाकते."

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं परभणीला गेल्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी नाकात दिवा घालून बघितलं, लहान लहान बाटल्या एकामागून एक नाकाशी धरल्या. शिवम्मा प्रत्येक वेळी मान हलवत राहिली. पाचव्या-सहाव्या बाटलीला तिला रडू आलं, तेव्हा बाईंनी बाटल्या बाजूला ठेवल्या. तापाच्या विषाणूनं वासाच्या नसा दुखावल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. परत येतीलही, नाहीही. वेळ लागेल. औषधापेक्षा सराव बरा. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल, एकेक नाकाशी धरायचं आणि तो वास कसा असायचा ते मनात आणायचं.

"जे येतच न्हाई त्याचा सराव कसा करायचा?" शिवम्मानं परतीच्या गाडीत विचारलं.

नवऱ्याशी ती बरेच दिवस कामापुरतंच बोलली. तो आपल्याला वेड लागलं समजला, याचा राग नव्हता. जी भीती त्यानं इतके दिवस एकट्यानं काढली ती तिला समजत होती. पण ते 'एवढंच' तिच्या मनातून जाईना. कुणाच्या हाताची बोटं गेली असती तर कुणी असं म्हणालं असतं का, असं तिला वाटत राहायचं. गल्लीत बातमी फिरली. बाया येऊन हळहळायच्या आणि जाताना एखादी म्हणायची, "बरं झालं बाई, घाण वासबी येत न्हाई म्हंजी." शिवम्मा हो म्हणायची.

पुढच्या रविवारी वैजयंतीनं परत ओट्स काढले. शिवम्मा नको म्हणत होती, पण सुनेनं तिला ओव्हनच्या समोर पाट दिला. "आता वासावर न्हाई, नजरेवर," म्हणाली. काचेतून दोघी बघत बसल्या. आधी गोळे ओले चमकत होते, मग चमक गेली. कडा तांबूस झाल्या, मधला भाग मऊच होता. वैजयंती म्हणाली, अजून ठेवू. शिवम्मा म्हणाली, नको, बाहेर काढल्यावरबी शिजत राहतील. ट्रे काढला, बोटानं दाबलं, मधे किंचित दबत होतं. निवल्यावर तीच बिस्किटं कुरकुरीत झाली. शिवम्मानं एक तोंडात टाकलं. गुळाचा गोडवा जिभेला लागला. मीठ लागलं. दालचिनी नुसती तिखट उष्ण अशी जाणवली. पण दातांखाली ओट्सचा दाणा फुटत होता तो अगदी स्वच्छ कळत होता. तिनं दुसरं घेतलं. महिनाभरात तिनं काही आपणहून खाल्लं, ते हेच.

बसप्पाला दोन बिस्किटं दुकानात गेली. त्यानं रिकामी बशी स्वतः आत आणून दिली. दुकान सोडून बशी ठेवायला तो यापूर्वी कधी आत आला नव्हता.

येसर मात्र राहिलाच होता. शेवटी वैजयंतीच म्हणाली, मी भाजते, तुमी सांगा. कढईत धने पडले. शिवम्मा शेजारी बसली.

"आला वास," वैजयंती म्हणाली.

"कसा?"

"चांगला."

"चांगला म्हंजी काय? वला का कोरडा?"

वैजयंती गोंधळली. तिनं परत हुंगलं. "जरा ओला. हिरव्या कोथिंबिरीसारखा."

"मग कच्चा हाय. परतत राहा. वला जाऊन नाकात हुळहुळला की सांग."

असं एकेक जिन्नस. शिवम्मा आठवणीतून विचारायची आणि वैजयंती नाकानं शोधून सांगायची. पहिला घाणा कच्चट झाला, दुसरा थोडा कडू. तिसरा धुरपताबाईला चाखायला दिला. ती म्हणाली, तुमच्या हाताचा न्हाई, पण खाण्यासारखा हाय. शिवम्माला ते लागलं आणि बरंही वाटलं.

उन्हाळा सरत आला तेव्हा आणखी एक धक्का बसला. एका सकाळी शिवम्मा स्वयंपाकघरात गेली आणि दारातच तिला भडभडून आलं. सडकी, कुजकी, कधी न आलेली घाण. डब्यांमागं उंदीर मेला असणार, म्हणून तिनं अख्खी फळी रिकामी केली, सिलिंडर हलवला, मोरीत फिनेल ओतलं. काही सापडलं नाही. वैजयंती, शिवप्रकाश, कडूबाई, कुणालाच काही येत नव्हतं. मग वैजयंतीच्या लक्षात आलं, की शिवम्मा परडीजवळ गेली की तोंड फिरवते. परडीत कांदे होते. ताजे, सुके, चांगले कांदे.

फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे, नसा परत जोडल्या जात आहेत, पण चुकीच्या जागी. शिवम्माला त्यात चांगलं काही दिसेना. कांदा कुजका, लसूण कुजका, चहा उकळला की जळलेलं रबर. खोबरं भाजलं की ती अंगणात पळायची. आधी काहीच येत नव्हतं ते परवडलं असतं, असं तिला होऊन गेलं. ती वाळत चालली. दही-भात आणि वैजयंतीची ओट्सची बिस्किटं, एवढंच पोटात टिकायचं. बिस्किटांना तिच्या नाकात काहीच वास नव्हता, म्हणून ती गोड लागायची. वैजयंती शाळेतून आल्यावर थकलेली असली तरी दर दोन-तीन दिवसांनी ट्रे लावायची. शिवम्मा तिला नको म्हणायची आणि सकाळी उठून पहिला तोच डबा उघडायची.

एका दुपारी बसप्पा जेवत होता. आमटीचा भुरका मारून त्यानं वाटी खाली ठेवली. "मीठ लय झालंय आज," तो म्हणाला.

शिवम्मा चमकून बघायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं ताटावर बसून कधी नाव ठेवलं नव्हतं.

"आता सांगणार हाय मी," तो ताटाकडं बघूनच म्हणाला. "कमी झालं तरी सांगणार, जास्त झालं तरी. त्या दिवशी मी 'एवढंच' म्हणलो. ते चुकलं माझं."

तिनं त्याच्या आमटीत दोन चमचे गरम पाणी घातलं आणि म्हणाली, "चाखून सांगा आता." त्यानं चाखलं आणि अजून थोडं पाणी मागितलं.

दिवाळीच्या आधी शिवम्मा एकटीच बिस्किटांचं पीठ मळत होती. वैजयंती माहेरी गेली होती. लोण्यात गूळ फेसला, ओट्स घातले, दालचिनी घातली आणि हातानं कालवायला लागली. मधेच तिचा हात थांबला. परातीतून काहीतरी वर आलं. गोडसर, झाडाच्या सालीसारखं, जुन्या लाकडी पेटीसारखं. तिनं श्वास रोखला. हळूच सोडला आणि परत घेतला. होतं. दालचिनी होती. अगदी पुसट, पण दालचिनीसारखीच.

ती पिठात हात घालून तशीच उभी राहिली. कुणाला हाक मारली नाही. मारली आणि तेवढ्यात गेलं तर, अशी तिला धास्ती वाटली. संध्याकाळी वैजयंतीचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं. पलीकडून सून नाक ओढत म्हणाली, "आत्या, कसा होता? वला का कोरडा?"

"कोरडा," शिवम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दालचिनीची डबी उघडली तर काही नव्हतं. चौथ्या दिवशी परत आलं. तेव्हापासून ते असंच येतं-जातं. कांदा अजून कुजकाच येतो, पण पहिल्याइतका नाही. चहा ती पिते, नाक दाबून. येसर आता वैजयंतीच भाजते, शिवम्मा शेजारी बसून विचारते, आणि बाया कुणाच्या हाताचा म्हणून न विचारता नेतात. बिस्किटं मात्र शिवम्मा स्वतः लावते. ओव्हनपुढं पाट टाकून काचेत बघत बसते आणि कडूबाई गप्पा मारायला आली तर तिला खूण करून गप्प बसवते, कारण त्या वेळी दालचिनी येईल की नाही, हे तिला अजून सांगता येत नाही.